कायद्यात नसलेली अट

फ्रेड गार्डनर हे कोरियन युद्धाच्या काळातले अमेरिकी सैनिक. पाठीच्या मणक्यातली चकती सरकली म्हणून माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. या दुखण्याचा लष्करी नोकरीशी संबंध नव्हता. पुढे डावी पोटरी, घोटा आणि पाऊल दुखू लागले, कमजोर झाले. हे शस्त्रक्रियेमुळे झाले, असे म्हणत त्यांनी भरपाई मागितली. खात्याने नियमावर बोट ठेवले: डॉक्टरांचा दोष किंवा आकस्मिक अपघात दिसला, तरच पैसे.

मूळ तरतूद 1924 च्या कायद्यातली, कलम 213. सरकारी उपचारांतून इजा झाली, तर ती नोकरीत झाल्याप्रमाणे धरून भरपाई द्यावी, एवढेच ते सांगते. सैनिकाची स्वतःची जाणूनबुजून केलेली गैरवर्तणूक ते वगळते. डॉक्टरच्या दोषाबद्दल मात्र अवाक्षर नाही. 1933 च्या काटकसरीत हे कलम रद्द झाले, 1934 मध्ये परत आले आणि त्याच वर्षी खात्याने दोषाची अट नियमात घातली.

ती साठ वर्षे टिकली कशी? खात्याच्या निर्णयावर 1988 पर्यंत न्यायालयात दादच मागता येत नव्हती. शिवाय अशा दाव्यात वकिलाने दहा डॉलरपेक्षा जास्त फी घ्यायची नाही, हा यादवी युद्धापासूनचा दंडक. सैनिकाला लुबाडणुकीपासून वाचवायला केलेला, पण त्या फीत कोण उभा राहणार?

1988 च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय दिले. तिथे गार्डनर जिंकले, अपिलात जिंकले, आणि 12 डिसेंबर 1994 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने त्यांचीच बाजू उचलून धरली. निकाल न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांचा. नियम जुना आहे म्हणून कायद्याशी असलेली त्याची विसंगती मिटत नाही, हे त्यांनी स्पष्टच लिहिले.

संसदेने यावर दोन वर्षांत उत्तर दिले. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांच्या, पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांना मदत देण्याची तरतूद 1996 च्या खर्च-विधेयकात झाली. तिचा खर्च भागवायला त्याच विधेयकाने दोषाची अट थेट कायद्यात बसवली. एका सैनिकाच्या मुलासाठी दुसऱ्या सैनिकाचा हक्क कापण्याचा हा हिशेब मला तरी निर्दय वाटतो. 1 ऑक्टोबर 1997 पासून आलेल्या दाव्यांत उपचारातला दोष किंवा अनपेक्षित घटना दाखवावी लागते. गार्डनर यांचा निकाल त्याआधीच्या अर्जदारांपुरताच उपयोगी राहिला.