कमरेचें पिस्तूल

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला जे लांब अणकुचीदार खिळे आहेत, ते हत्तीनें डोकें देऊन दार फोडूं नये म्हणून ठोकलेले आहेत, हें पुण्यांतील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. पहिल्या बाजीरावानें १७३० च्या जानेवारींत या वाड्याचा पाया घातला. पुढें त्याला तट झाला, नऊ बुरूज झाले, पहारे बसले. पण ज्या दिवशीं या वाड्यांत धन्याचा घात झाला, त्या दिवशीं दरवाजावर हत्ती आला नव्हता कीं शत्रूही आला नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं आंत शिरले ते पगारी गारदी होते. ज्यांच्या हातीं पेशव्यांनीं रक्षणासाठीं शस्त्रें दिलीं होतीं, त्यांनींच अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचे तुकडे केले.

ही जुनी गोष्ट परवां पुन्हा मनांत आली, त्याचें कारण थोडें चमत्कारिक आहे. आमच्या शनिवार पेठेंतीलच एक ओळखीचा तरुण संध्याकाळीं घरीं आला. त्याला गडकिल्ले हिंडण्याचा नाद आहे. सुटी आली कीं पाठीवर पोतडी टाकून तो सह्याद्रींत राहुटी ठोकून राहतो. चहा झाल्यावर त्यानें विचारलें, "सर, रानांत मुक्काम असतो, आजकाल बिबट्यांचें फार ऐकतों, माणसांचाही भरंवसा नाहीं, कमरेला एखादें पिस्तूल असावें असें वाटतें. कोणतें घ्यावें?" इतिहासाच्या शिक्षकाला असा प्रश्न विचारणें म्हणजे वैद्याला विळ्याचा भाव विचारण्यासारखें आहे. तथापि विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं हा प्रश्न नुसता दुकानदारीचा नाहीं. त्याच्या पाठीमागें पुण्याचा निदान दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे. त्याला त्या रात्रीं जें तुटक तुटक सांगितलें, तें येथें जरा सविस्तर मांडतों.

प्रथम हत्याराविषयीं. जुनी बंदूक तोड्याची असे. जळती जामगी कानावरील रंजकेला लावावी तेव्हां बार उडावयाचा. असलें हत्यार कमरेला खोंचून कोण हिंडणार? पेटती जामगी शेल्यांत ठेवणें म्हणजे शत्रूचें काम आपणच करणें होय. म्हणून हातांत मावेल अशा बंदुकीची कल्पना चाकाच्या व गारगोटीच्या चापाबरोबर, म्हणजे ठिणगी हत्यारांतच उत्पन्न होऊं लागल्यावर, युरोपांत रुजली. आपल्याकडे अशीं पिस्तुलें फिरंगी व्यापाऱ्यांबरोबर आलीं. पण मराठा स्वाराचा भरंवसा अखेरपर्यंत भाल्यावर व तलवारीवरच राहिला, आणि त्यांत त्याची चूक होती असें मला वाटत नाहीं. एकदां बार उडाला कीं गारेचें पिस्तूल म्हणजे लोखंडी दांडकें. तें पुन्हा ठासून भरीपर्यंत शत्रू चार वार करून मोकळा होई; आणि मावळांतील आषाढधारांत तर रंजक ओली होऊन पहिलाही बार उडेल याची शाश्वति नसे. ही अडचण एका स्कॉटिश धर्मोपदेशकानें प्रथम दूर केली, ही गंमत सांगण्यासारखी आहे. रेव्हरंड फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. गारेची ठिणगी दिसतांच पांखरें उडून जात. त्यांनीं आघातानें पेटणारी दारू योजून १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्या कल्पनेंतून टोपीची बंदूक निघाली, आणि १८३६ मध्यें अमेरिकेंत सॅम्युएल कोल्टनें फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचें पेटंट मिळविलें. एका माणसाच्या मुठींत पांच-सहा बार आले. रक्षणाचें साधन म्हणून कमरेच्या पिस्तुलाला खरी किंमत आली ती येथून पुढें.

आणि नेमकी त्याच सुमारास ती आपल्या लोकांच्या हातून काढून घेण्यास सुरुवात झाली. सत्तावन सालच्या बंडानंतर निःशस्त्रीकरण झालें. १८६० सालीं हत्यारांवर कायदा झाला. पण खरा कडक कायदा मार्च १८७८ चा, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींतला. त्याच महिन्यांत देशी वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदाही झाला. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला; हत्यारांचा मात्र राहिला. यावरून राज्यकर्त्यांना लेखणीपेक्षां बंदुकीचें भय अधिक होतें असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण लेखणीसाठीं पीनल कोडाचीं कलमें त्यांनीं पुढें काढलींच, तेव्हां तो मोह आवरलेला बरा.

या कायद्यांतील बोंचणारी गोष्ट निराळीच होती. युरोपियनाला परवाना लागत नसे, हिंदी माणसाला लागे. कुर्गच्या लोकांना सूट होती, ती अपवाद म्हणून. एखादा इंग्रज कारकून दुनळी घेऊन सिंहगडच्या पायथ्याशीं हिंडावा, आणि तेथील पाटलानें रानडुकरांपासून शेत राखण्यासाठीं ठासणीच्या बंदुकीकरितां कचेरीचे उंबरठे झिजवावे, हा देखावा होता. १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें या कायद्यांत दुरुस्ती मागितली, ती या अपमानाच्या जाणिवेनें. खुद्द महात्माजींनीं १९१८ सालीं सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली, हें अहिंसेचा घोष करणारे व तिची टवाळी करणारे असे दोघेही विसरतात. १९२० च्या नियमांनीं वर्णभेद काढला, परवाना मात्र सर्वांच्या मागें लागला.

आतां शहरांतील पिस्तुलांकडे येऊं. परवान्यामुळें पुण्यास पिस्तुलें येण्याचीं थांबलीं असें नाहीं. तीं आडवाटेनें आलीं. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८७९ सालीं, लष्करी हिशेबखात्यांतील नोकरी सोडून वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन डोंगरांत शिरले. २२ जून १८९७ रोजीं रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँडसाहेबावर व त्याच्या मागच्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच मेला, रँड ३ जुलैस. १९०९ च्या आरंभीं सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या चोरकप्प्यांतून मुंबईस पाठविलीं. त्यांपैकीं एकानें त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेऱ्यानें जॅक्सनचा प्राण घेतला. लंडनमध्यें निवड करतांना ब्राउनिंगच कां घेतलें, हें पाहण्यासारखें आहे. तें चपटें, लहान, कोटाखालीं न दिसणारें, आणि एकामागून एक सात बार उडविणारें. ज्याला लपवावयाचें व एकदांच वापरावयाचें आहे त्याच्यासाठीं तें उत्तम. पण रानांत रक्षण करणाऱ्याला लपवावयाचें काय कारण? हेतु बदलला कीं निवड बदलते, हा पहिला धडा आमच्या तरुण मित्रानें येथूनच घ्यावा.

दुसरा धडा फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयांतला. २२ जुलै १९३१ रोजीं हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन तें पाहण्यास आले असतां वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें अगदीं जवळून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वांचले, एक गोळी खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली असें सांगतात. भर दिवसा, उजेडांत, हातभर अंतरावर, मनाची पूर्ण तयारी केलेल्या माणसाची ही गत. मग मध्यरात्रीं झोंपेंतून दचकून उठलेल्या माणसानें राहुटीच्या दारांतून हालणाऱ्या सावलीवर झाडलेली गोळी कोणाला लागेल, हें देवालाच ठाऊक. बहुधा ती बाहेर आलेल्या सोबत्यालाच लागेल.

या यादींत आणखी एक दिवस आहे, आणि पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसानें तो वगळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस, नमस्कार करीत येणाऱ्या अठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल ग्वाल्हेरास मिळविलेलें, इटालियन बनावटीचें बेरेटा. झाडणारा पुण्यांतील एका वृत्तपत्राचा संपादक. त्यानंतरच्या आठवड्यांत महाराष्ट्रांत, विशेषतः दक्षिणेकडील जिल्ह्यांत, ज्यांचा या कृत्याशीं कसलाही संबंध नव्हता अशा लोकांचीं घरें जळालीं. चाफेकरांच्या व कान्हेऱ्याच्या पिस्तुलाविषयीं आम्ही ज्या स्वरांत बोलतों, त्या स्वरांत या पिस्तुलाविषयीं बोलतां येत नाहीं. आणि तरीही तीं सर्व एकाच जातीचीं हत्यारें होतीं.

स्वराज्यांत १९५९ सालीं हत्यारांचा नवा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. स्वकीयांच्या सरकारनें परवाना कायम ठेवला, याला कित्येक दुटप्पीपणा म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. आमच्या आजोबांची जी तक्रार होती ती गोऱ्याला एक व काळ्याला एक अशा न्यायाची होती. परवाना सर्वांनाच लागूं लागल्यावर त्या तक्रारीचा गाभाच गेला. उरलें तें गैरसोयीचें दुःख, व तें सोसण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष निवड. पूर्वीं वेब्ले, कोल्ट, स्मिथ-वेसन यांपैकीं हवें तें विलायतेहून येई. १९८० नंतरच्या दशकांत सामान्य नागरिकांसाठीं होणारी ती आयात बंद झाली, आणि जुनें परदेशी हत्यार आतां फक्त परवानेदाराकडून परवानेदाराकडे जातें. नवें घ्यावयाचें तर निवड थोडी. नऊ मिलिमीटरचें पिस्तूल बंदीच्या बोअरचें. त्यांत कानपूरच्या सरकारी कारखान्याचें .३२ बोअरचें सहाबारी रिव्हॉल्व्हर, जुन्या वेब्लेच्या धर्तीचें. त्याच बोअरचें पिस्तूल. आणि २०१४ सालीं निघालेलें 'निर्भीक' नांवाचें सुमारें अर्ध्या किलोचें हलकें रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांत रानासाठीं मी तरी रिव्हॉल्व्हरच म्हणेन. त्यांतील एखादें काडतूस फुसकें निघालें तर पुन्हा घोडा ओढावा, दुसरें पुढें येतें. पिस्तूल अडकलें तर अंधारांत मोकळें करावयास सरावाचा हात लागतो. पण .३२ ची गोळी बिबट्याला थांबवील या भरंवशावर कोणी राहूं नये. जखमी बिबट्या हा न जखमी झालेल्या बिबट्यापेक्षां शतपट वाईट, हें कोणताही जुना शिकारी सांगेल. खऱ्या अर्थानें श्वापदाशीं गांठ असेल तर बारा बोअरची दुनळी पाहिजे. आणि ती घेऊन गड चढणारा माणूस गड पाहावयास जात नाहीं.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे, व ती आमच्या मित्राला मुळींच माहीत नव्हती. पुणें शहरांत परवाना पोलिस आयुक्तांकडे मागावा लागतो. २०१६ च्या नियमांप्रमाणें हत्यार हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. आणि प्राणास धोका आहे याचें कारण दाखवावें लागतें. "सुटींत डोंगरांत जातों" हें कारण कितपत टिकेल याची मला शंका आहे. समजा, परवाना मिळालाच. पण हा तरुण जेथें जातो तीं ठिकाणें कोणतीं? भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कोयनेच्या रानांतील वासोटा; हीं सर्व अभयारण्यांत मोडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें तेथें वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून हत्यार घेऊन शिरतांच येत नाहीं. त्याच कायद्यांत स्वतःच्या वा दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठीं सद्भावनेनें वन्य पशु मारणें हा गुन्हा नव्हे असें म्हटलें आहे. परंतु तो बचाव त्या वेळीं हा कायदा मोडीत असलेल्या माणसाला मिळत नाहीं. म्हणजे पिस्तूल घेऊन चोरून शिरलेल्या माणसावर बिबट्या आला, तर बिबट्याला मारून तो कोर्टांत सांपडावयाचा!

"मग लोक पूर्वीं हिंडत कसे?" त्यानें विचारलें. प्रश्न चांगला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत चुलत्याबरोबर उत्तरेकडे गेले. वाटेंत लुटले गेले. मिळविलेलें द्रव्य गेलें, पण गंगेची कावड घेऊन ते घरीं परत पोहोंचले. त्यांचें रक्षण ओळखीनें, सोबतीनें, गांवोगांवच्या आसऱ्यानें व पुष्कळसें नशिबानें झालें. पुण्यांत घराघराची राखण रामोशी करी, आणि चोरी झाली तर तिचा जाब त्यालाच द्यावा लागे. त्याच्या हातांत सोटा असे, पण सोट्यापेक्षां त्याची जबाबदारी चोराला अधिक जड जाई. हल्लींच्या डोंगरयात्रिकाला रामोशी मिळणार नाहीं. पण पायथ्याच्या गांवांतला वाटाड्या मिळतो. कोणत्या घळींत पाण्याला जनावर येतें, कोणत्या पडवींत निजावें, हें त्याला जितकें ठाऊक असतें तितकें कोणत्याही नळींतून बाहेर पडत नाहीं. दिवसाच्या मजुरीइतकेंच तो मागतो.

तरुण बराच वेळ गप्प बसला. त्याला ब्राउनिंगची हकीकत आवडली होती हें उघड दिसत होतें. अभयारण्याचीं कलमें आवडलीं नव्हतीं. उठतां उठतां त्यानें वासोट्याला होडीनें जातात तेथें वाटाड्या कोठें मिळतो, असें विचारलें. मला तें माहीत नव्हतें. बामणोलीस जाऊन विचार, एवढेंच मीं सांगितलें, आणि त्याला खालपर्यंत पोंचविण्यास गेलों. वाड्यांतला दिवा गेला होता. जिन्यांत दोघेही चांचपडत उतरलों.