भुलीनंतरचा बुद्धिभ्रम

वृद्धाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडावी, पण घरी परतलेला माणूस पूर्वीचा राहू नये, या आप्तांच्या तक्रारीची दखल १९५५ साली बेडफर्ड या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात घेतली. पुढे उपाय सापडला तो शुश्रूषेत. रुग्णाशी स्थळकाळाचे भान देणारा संवाद, शांत झोप, चालणे, चष्मा व श्रवणयंत्र यांनी भ्रम टळतो, हे १९९९ साली अमेरिकेत शॅरन इनोये यांनी दाखविले. पण ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. ती कसोटी तैवानात लागली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाची शस्त्रक्रिया झालेले ३७७ वृद्ध होते. परिचारिकांनी ज्यांना रोज बोलते केले, जेवणास साहाय्य दिले व लवकर चालविले, त्यांच्यापैकी ६.६ टक्क्यांना तीव्र भ्रम झाला, इतरांपैकी १५.१ टक्क्यांना. उशाशी बसून आजोबांना आजचा वार सांगणे, हाही उपचारच होय.