मद्यत्यागानंतरचा विषाद

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली बडोद्यास झाला. सुधाकर पहिला पेला घेतो तो अपमानाने खचलेल्या मनाला विसावा म्हणून, हे सर्वांस स्मरते. परंतु तो मध्यंतरी दारू सोडतो, आणि पुन्हा तीच मानखंडना वाट्यास येताच पेल्याकडे परततो, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. आम्हांस नाटकाचे मर्म तेथेच दिसते. दारू सुटली म्हणजे खिन्नताही सुटते काय? या प्रश्नाचे उत्तर एका अमेरिकन गृहस्थाच्या चरित्रात अधिक स्पष्ट सापडते.

विल्यम विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा मनुष्य. १९२९ च्या पडझडीत त्याचा पैसा गेला. दारू त्याआधीच बळावली होती. टाउन्स रुग्णालयात तो चार वेळा दाखल झाला. डिसेंबर १९३४ ची खेप शेवटची ठरली. पुढे मे १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी धंद्यातील एक मसलत फसली, आणि हा उतारूगृहात एकटा पडला. शेजारच्या मद्यगृहातील कलकलाट कानी येत होता. तेव्हा त्याने आपल्यासारखाच कोणी व्यसनी बोलावयास मिळेल काय, याची दूरध्वनीवरून चौकशी आरंभिली. अशा रीतीने डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांची गाठ पडली. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संस्था तोच आपला जन्मदिवस मानते.

चरित्रकथा येथे संपती तर फार सोयीचे झाले असते! परंतु १९४४ पासून १९५५ पर्यंत विल्सनला तीव्र विषादाने ग्रासले. ज्याच्या शब्दाने सहस्रावधी माणसे सावरली, तो कचेरीत हातांत डोके धरून बसून राही. तो हॅरी टीबू या मानसवैद्याकडे गेला, तेव्हा स्वकीयांतूनच कुजबूज झाली, की याची साधना कमी पडली असावी. हा आरोप आम्हांस निर्दय वाटतो. त्याने वैद्य सोडला नाही आणि सभाही सोडली नाही, यातच त्याची खरी शहामत होती.

आजचे वैद्यक याविषयी अधिक समंजस आहे. मद्यानेच आणलेली उदासी पुष्कळांच्या बाबतीत मद्य सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरते. ती ओसरली नाही, तर तो निराळा आजार समजून दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावा लागतो. पूर्वी ‘आधी दारू सोड, मग मनाचे पाहू’ असे सांगून रोग्यास परत पाठविण्याचा प्रघात होता. हे मधले आठवडेच घाताचे. दारूही गेली आणि सुखही आले नाही, म्हणजे औषध व्यर्थ, असे मानून मनुष्य उठून जातो.

१९५८ साली विल्सनने संस्थेच्या मासिकात भावनांच्या संयमावर लेख लिहिला. आपण इतरांच्या प्रशंसेवर अतोनात अवलंबून राहिलो, असे निदान त्याने त्यात केले आहे. १९७० च्या अखेरीस, शेवटच्या दुखण्यात, त्याने व्हिस्की मागितल्याची नोंद परिचारिकेच्या टिपणांत आहे. छत्तीस वर्षांनंतर! ती त्यास मिळाली नाही. जानेवारी १९७१ मध्ये तो वारला.