मनाची वेस

दरवर्षी वसुबारसेच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी फराळाचा डबा घेऊन घरी येतो. शाळेत गणितात यथातथाच असलेला हा मुलगा आज चिवडा, चकली आणि भाजणी विकून पाचसहा घरांची चूल पेटती ठेवतो. धंदा आईने मांडला, त्याने वाढवला. यंदा मात्र स्वारी जरा गप्प होती. चहा झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, लंडनचा एक दुकानदार नेमाने माल मागतो आहे. पैशाचं जमेल, कागदपत्रांचंही जमेल. पण मन धजत नाही."

मी पडलो मास्तर. निर्यातीतले मला काय कळणार? पण असाच लंडनचा पेच पडलेला एक नाशिककर मला इतिहासातून ठाऊक होता. त्याची गोष्ट मी सांगितली. तीच, वाचकहो, आज तुमच्यापुढे ठेवतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून हार घालतो, आणि ते एक लहान कारखानदार होते हे विसरून जातो. घर हाच कारखाना, घरची माणसे हेच कामगार, आणि भांडवल म्हणजे बहुतांशी कर्ज! अशा या माणसाने तीनदा समुद्र ओलांडला. पहिल्यांदा १९०९ साली, छपाईची यंत्रे आणि रंगीत छपाईची विद्या आणण्यासाठी जर्मनीला. दुसऱ्यांदा १९१२ च्या फेब्रुवारीत, कॅमेरा आणण्यासाठी लंडनला. आणि तिसऱ्यांदा १९१४ साली, पुन्हा लंडनला. या खेपेस यंत्रसामग्री आणायला, आणि सोबत आपले चित्रपट दाखवायलाही.

दुसरी खेप आठवून पाहा. भागीदारांशी बिनसून छापखाना सुटलेला. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यापासून एकच ध्यास. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि अभ्यास करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. प्रवासाच्या पैशासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. लोक वेडा म्हणत होते. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. पण 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्याची पाटी दिसताच ते सरळ संपादकाकडे गेले. संपादकाने आधी परावृत्तच केले: या धंद्यात इथलेच लोक बुडतात, शिवाय तुमची हवा यासाठी सोयीची नाही. पाहुणा हटेना, तेव्हा त्यानेच सेसिल हेपवर्थ या चित्रपट-निर्मात्याची गाठ घालून दिली. फाळके विल्यमसन कॅमेरा ठरवून परतले.

हे धाडस आले कुठून? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आइसेक आय्झेन यांनी १९९१ साली मांडले की, माणसाचा संकल्प तीन धाग्यांनी विणला जातो: त्या कामाविषयी त्याला काय वाटते, जवळच्या माणसांना काय वाटते, आणि ते आपल्या हातून होईल असा विश्वास आहे की नाही. लहान उद्योजकांच्या परदेशी व्यापाराच्या बेतांनाही अभ्यासकांनी पुढे हीच मोजपट्टी लावली.

फाळक्यांना ती लावून पाहा. ध्यास होताच. विश्वास केवळ फुशारकीचा नव्हता. चित्रकला, छायाचित्रण, ठसे करणे आणि छपाई या सर्वांत हात मुरलेला होता, आणि एकदा जर्मनी पाहिल्यावर लंडन तितके लांब राहिले नव्हते. एकदा ओलांडलेला समुद्र दुसऱ्यांदा अरुंद होतो! आणि जवळची माणसे? सगळे नावे ठेवत असताना सरस्वतीबाई पाठीशी होत्या. कॅमेरा आल्यावर फिल्मच्या कडांना भोके पाडायला त्याच शिकल्या, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच केला. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लागला, त्यामागे या माउलीचे कष्ट आहेत.

आता तिसरी खेप. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. तशातही 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' लंडनकरांनी पाहिले. कारागिरीची वाखाणणी झाली. हेपवर्थने, चरित्रकार सांगतात, मोठेच आमंत्रण दिले: येथेच राहून भारतीय चित्रपट काढा, खर्च आमचा, दरमहा तीनशे पौंड आणि नफ्यात वाटा. केवढे हे आमंत्रण! फाळके नाही म्हणाले आणि नाशिकला परतले.

येथे धाडस संपले का? मला तसे वाटत नाही. वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत ज्यांनी सरकारी नोकरी सोडली, त्यांच्या लेखी धंदा म्हणजे नुसती मिळकत नव्हती. भांडवल, माणसे, कथा, सारे इथले असावे, ही त्यांची धारणा होती. जी धारणा त्यांना कॅमेरा आणायला लंडनला घेऊन गेली, तीच त्यांना लंडनहून परत घेऊन आली. या नकाराची किंमतही त्यांनी मोजली. युद्धात भांडवलदारांनी हात आखडला, कर्ज झाले. १९१७ च्या 'लंकादहन'ने लक्ष्मी पुन्हा घरी आणली, तोवरचे दिवस ओढगस्तीचे होते.

म्हणून मला वाटते, परदेशी जावे की न जावे हा प्रश्न धीट आणि भित्रा एवढ्यापुरता नसतो. भीतीने घरी बसणे वेगळे, आणि आपण कोण हे ओळखून घरी परतणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक ज्याचा त्यालाच कळतो.

गोष्ट संपली. मी विचारले, "तुझ्या आईचं काय म्हणणं आहे?"

तो चपापला. "तिला विचारलंच नाही, गुरुजी. ती नकोच म्हणेल."

"हे तिने सांगितलं, की तूच ठरवलंस?"

तो हसला नाही. रिकामा डबा उचलून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. आईला सारे सांगितले होते. तिने घटकाभर विचार केला आणि एवढेच विचारले म्हणे, "इतक्या लांब जाईस्तोवर चकली मोडणार नाही ना रे?"