दैव विहिरीच्या काठापर्यंत

पीक बुडालं किंवा एखादं काम रखडलं की वाशीममध्ये हमखास ऐकू येतं, "आपल्या गावाचं नशीबच फुटकं." कधीकाळी हे गाव वत्सगुल्म होतं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आता राजधानीचं काही उरलं नाही, म्हणून हे बोलणं लोकांना पटतंही. मी शाळेत वर्षानुवर्षं संस्कृत शिकवलं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण दंडीचं 'दशकुमारचरित'.

सातव्या शतकातली ही गद्यकथा शाप, यक्षिणी, भुयारं आणि योगायोगांनी भरलेली आहे. तिच्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या राज्याची कहाणी येते. थोर पुण्यवर्मा जातो आणि मुलगा अनंतवर्मा गादीवर बसतो. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला दंडनीती, म्हणजे राज्यकारभाराचं शास्त्र, शिकायला सांगतो. विहारभद्र नावाचा दरबारी मात्र त्या शास्त्राची टर उडवतो: राजाच्या दिवसाचे आठ भाग करून प्रत्येक भागाला काम लावलं, तर राजाने जगायचं कधी? मग अश्मक देशाच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित दरबारात शिरतो आणि शिकार, जुगार, मद्य यांचे गुण गातो. जुगारात हार-जीत सतत फिरत असते, म्हणून माणूस हर्ष-शोकाच्या आहारी जात नाही, असा त्याचा युक्तिवाद. राजा भुलतो, कारभार ढासळतो, मांडलिक उलटतात आणि अनंतवर्मा मारला जातो.

दंडीने वत्सगुल्माचं नाव घेतलेलं नाही. पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या कथेत वत्सगुल्माचा राजा हरिषेण वाकाटक याच्यानंतरच्या पडझडीची आठवण ओळखली: त्यांच्या मते पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. त्यातल्या लेखात हरिषेणाचे वडील देवसेन यांच्याबद्दल लिहिलंय, की हस्तिभोज मंत्र्यावर राज्य सोपवून ते निश्चिंतपणे सुखोपभोगात रमले. मंत्री खमका होता, म्हणून निभावलं. त्याच देवसेनाच्या काळात, शके 380 मध्ये, म्हणजे इसवी सन 458 च्या सुमारास, स्वामिल्लदेवाने वाशीमजवळ सुदर्शन तलाव बांधला. हिस्से-बोराळ्याचा शिलालेख त्याची साक्ष देतो. पाण्याची सोय नशिबावर सोडली नव्हती.

कथेत दैव येतं ते विंध्याच्या रानात. अनंतवर्म्याचा आठेक वर्षांचा मुलगा भास्करवर्मा म्हाताऱ्या सेवकाबरोबर जीव वाचवून पळालेला असतो. पोर तहानेने व्याकूळ होतं. पाणी काढताना म्हातारा विहिरीत पडतो. काठावर रडणारं पोर ग्रंथातल्या दहा कुमारांपैकी एकाला, विश्रुताला, दिसतं, आणि पुढे दोघांचं नातंही निघतं. एवढा योगायोग निव्वळ दैवाचा. मात्र म्हाताऱ्याला वेलीच्या आधाराने वर ओढतो तो विश्रुत. बांबूच्या नळीने पाणी काढतो तोच, आणि लकुचाची फळं दगड मारून पाडतो तोही तोच. पुढे तर तो दैवच उभं करतो: विंध्यवासिनीच्या मूर्तीच्या पीठाखालून भुयार खणून लोकांसमोर राजपुत्रासह देवळातून प्रकटतो. लोकांना वाटतं, देवी प्रसन्न झाली.

दंडीचा ग्रंथ याच कथेत अर्धवट तुटतो. शेवट नंतर इतरांनी जोडला. खऱ्या वत्सगुल्माला तर कुणी भास्करवर्मा मिळाल्याचं दिसत नाही. हरिषेणानंतर ही शाखा इतिहासातून नाहीशी होते.

म्हणून मी पोरांना सांगत आलो: दंडीच्या कथेत राज्य दैवाने बुडालं नाही, ते दुर्लक्षाने बुडालं. दैवाने फार तर विश्रुताला विहिरीच्या काठावर आणून उभं केलं. वाशीमच्या माणसाने नशिबाला बोल लावण्याआधी आपला विहारभद्र कोण आणि आपण त्याचं का ऐकलं, हे विचारावं. गावाच्या इतिहासाकडून घ्यायचा धडा मला हाच वाटतो.