लिनक्स स्वतः कम्पाइल केलं तर जुना लॅपटॉप खरंच पळतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप अधिकृत यादीतून बाहेर गेले. पण जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूरकडे चालता लॅपटॉप कुणी टाकून देत नाही. मोठ्या भावाचा धाकट्याकडे येतो आणि त्यावर लिनक्स टाकायचं ठरतं.

मग एक सल्ला हमखास मिळतो: "तयार लिनक्स नको, जेंटू टाक. सगळं स्वतःच्या मशीनवर कम्पाइल कर, वेग वाढेल." यात तथ्य किती, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

तयार आणि घरी बांधलेलं, फरक काय?

खान्देशी काळा मसाला तयार पाकिटात मिळतो. काही घरं मात्र मिरची, धणे, खोबरं स्वतः भाजतात आणि गिरणीवरून कुटून आणतात. लिनक्सचंही तसंच आहे.

डेबियन, उबुंटू, फेडोरा हे तयार पाकीटवाले. सोर्स कोडचं मशीनला कळणाऱ्या बायनरीत रूपांतर, म्हणजेच कम्पाइल करण्याचं काम, त्यांच्या सर्व्हरवर आधीच झालेलं असतं. आपण फक्त डाऊनलोड करतो. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही डेबियनवर आधारलेलं, याच गटातलं.

जेंटू दुसऱ्या गटातलं. त्याची १.० आवृत्ती २००२ साली आली. त्यात सोर्स कोड तुमच्या मशीनवर उतरतो आणि तिथेच कम्पाइल होतो. कोणत्या सुविधा ठेवायच्या, कोणत्या गाळायच्या, हे तुम्ही ठरवता. मसाला आपल्या चवीचा होतो. पण त्याने स्वयंपाक लवकर होतो का, हा खरा प्रश्न आहे.

वेग वाढेल असं का वाटतं?

तयार बायनरी शक्य तितक्या मशीनवर चालावी लागते. म्हणून अनेक डिस्ट्रो ६४-बिट प्रोसेसरची अगदी मूळ, २००३ च्या काळातली क्षमता धरून चालतात. नंतरच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सारख्या सूचना आल्या. इंटेलमध्ये एव्हीएक्स२ २०१३ साली आलं. स्वतः कम्पाइल करताना "माझ्याच प्रोसेसरसाठी बनव" असं सांगता येतं आणि या सूचना वापरल्या जातात.

कल्पना बरोबर आहे. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, तयार बायनरीही हुशार असते. ग्लिबसीसारख्या पायाभूत लायब्ररीत एकाच कामासाठी अनेक प्रकार ठेवलेले असतात आणि प्रोसेसर पाहून त्यातला योग्य तो चालू होतो. व्हिडिओच्या अनेक लायब्ररीही असंच करतात. दुसरी, रोज जाणवणारा संथपणा बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळे आणि कमी रॅममुळे असतो. कम्पाइलरचा तिथे इलाज नाही.

मोजल्यावर काय दिसलं?

उबुंटूने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. आपला पॅकेजसाठा एव्हीएक्स२ असलेल्या प्रोसेसरसाठी, म्हणजे 'व्ही३' पातळीसाठी, पुन्हा बांधून पाहिला. त्यांच्याच सांगण्यानुसार बहुतेक पॅकेजेसमध्ये सुधारणा साधारण १ टक्का होती. आकडेमोड करणाऱ्या काही प्रोग्राममध्ये ती जास्त दिसली. २०२५ च्या ऑक्टोबरमधल्या २५.१० आवृत्तीत हा प्रकार पर्याय म्हणून दिला गेला.

दुसरं उदाहरण इंटेलच्या क्लिअर लिनक्सचं. जुलै २०२५ मध्ये बंद होईपर्यंत अनेक तुलनांमध्ये ते सर्वांत वेगवान गटात असायचं. आणि ते तयार बायनरीवालं होतं! काळजीपूर्वक कम्पाइल करणं महत्त्वाचं. ते कुणाच्या घरी झालं याने फरक पडत नाही.

खुद्द जेंटूनेही डिसेंबर २०२३ मध्ये तयार बायनरी पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली.

वेळेचा हिशोब

समजा, सगळं कम्पाइल करायला १० तास लागले आणि वेग १ टक्का वाढला. ते १० तास वसूल व्हायला प्रोसेसर पूर्ण जोरात १,००० तास चालायला हवा. रोज ४ तास धरले तर २५० दिवस. त्याआधी ब्राउझरचे कितीतरी अपडेट येतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा कम्पाइल आलंच.

रॅमचाही प्रश्न आहे. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कम्पाइल-कामामागे २ जीबी रॅम धरा, असं जेंटूचं मार्गदर्शन सांगतं. म्हणजे ४ जीबीच्या लॅपटॉपवर फार तर दोन कामं एकत्र.

खान्देशातला उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. कम्पाइल करताना प्रोसेसर तासन् तास पूर्ण ताकदीने चालतो. तो फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. पंख्यात धूळ साचलेला जुना लॅपटॉप त्यात लवकर सापडतो. त्यातच लाइट गेली आणि बॅटरीने दम तोडला, तर पॅकेजेसची यादी पुढे चालू करता येते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज साधारणपणे पहिल्यापासून सुरू होतं.

म्हणूनच एक लिनक्स दुपारी दोनला आणि दुसरं पहाटे पाचला तपासलं, तर दिसणारा फरक हवामानाचाही असू शकतो.

टेस्ट करायचीच असेल तर?

• मशीन तेच, कर्नल, कम्पाइलर आणि प्रोग्रामच्या आवृत्त्या त्याच ठेवा. नवी आवृत्ती विरुद्ध जुनी आवृत्ती ही डिस्ट्रोची तुलना होत नाही.

• तीन गट करा: तयार बायनरी, सोर्सवरून पण साध्या सेटिंगने, आणि सोर्सवरून आपल्या प्रोसेसरसाठी. तरच फायदा कशाचा ते कळतं.

• दोन्ही वेळा चार्जर लावलेला, पॉवर सेटिंग सारखी, खोलीचं तापमान सारखं.

• प्रत्येक चाचणी किमान पाच वेळा करा. एकाच सिस्टिमचे आकडे आपसात ३ टक्के हलत असतील, तर १ टक्क्याच्या विजयाला अर्थ नाही.

• फोरोनिक्स टेस्ट सूट वापरताना सावध राहा. त्यातल्या अनेक चाचण्या आपला प्रोग्राम तुमच्याच मशीनवर कम्पाइल करून घेतात. मग डिस्ट्रोचं तयार पॅकेज तपासलंच जात नाही.

मग सोर्सवरून बांधणं निरुपयोगी का?

अजिबात नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र महासंगणक कार्यरत झाला. अशा यंत्रांवर एकच गणित दिवसेंदिवस चालतं. तिथे मोजक्या वैज्ञानिक प्रोग्राममध्ये वाचलेले काही टक्केही मोठे असतात, म्हणून ते प्रोग्राम त्या यंत्रासाठी खास कम्पाइल केले जातात. शिकायचं असेल, नको त्या सुविधा गाळायच्या असतील किंवा वेगळ्याच प्रकारच्या प्रोसेसरवर काम असेल, तरीही जेंटू उत्तम शाळा आहे.

तुम्ही काय करावं?

कॉलेजचं काम, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ आणि थोडं कोडिंग एवढीच गरज असेल, तर तयार बायनरीवालं हलकं लिनक्स टाका. वेळ आणि पैसा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यात, रॅम वाढवण्यात आणि पंखा साफ करण्यात घाला. 'व्ही३' प्रकारचं लिनक्स घेण्याआधी टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' कमांड देऊन यादीत एव्हीएक्स२ आहे का पाहा. जुन्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ते नसतं, आणि मग सिस्टिम चालणारच नाही.

परीक्षेच्या आठवड्यात लॅपटॉप कम्पाइलला लावून बसण्याइतका मोठा फायदा यात नाही. जेंटू शिकायचं असेल, तर सुट्टीत, थंडीच्या दिवसांत आणि डेटाचा बॅकअप घेऊनच.