तीन आठवड्यांची पिल्लं आणि पुण्यातला स्विच

विद्यापीठ चौकात अडकून हा भाग ऐकत असाल, तर आजची निम्मी गोष्ट तुमच्या जवळच घडलीय: विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात.

सुरुवात मात्र कॅलिफोर्नियात. १९९२ साली तेरुमी कोहवी-शिगेमात्सु यांच्या गटाला सॅटबी-१ नावाचं प्रथिन सापडलं. ते मुख्यतः थायमसमध्ये दिसायचं. थायमस ही छातीतली छोटी ग्रंथी. पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी तिथे घडतात. पण हे प्रथिन करतं काय?

जुनं फंक्शन कशासाठी आहे ते कळेना, की आपण ते कमेंट करून काय फुटतं ते बघतो. (प्रॉडक्शनवर नाही. एकदा केलंय, तो विषय नको.) त्यांनीही तेच केलं. हे जनुकच नसलेले उंदीर बनवले. २००० साली निकाल छापून आला. पिल्लं जन्मली, पण खुरटी राहिली आणि तीनेक आठवड्यांत मेली. थायमस इवलासा. टी पेशी घडताना एका टप्प्यावर तिच्या अंगावर सीडी-४ आणि सीडी-८ ही दोन्ही प्रथिनं असतात. पुढे एक टाकून ती मदतनीस तरी होते, नाहीतर मारेकरी. या पिल्लांच्या पेशी बहुतांशी त्या 'दोन्ही'वरच अडकल्या. शिवाय तेव्हा बंद असायला हवीत अशी काही जनुकं चालू राहिली. एक गेलं आणि अनेक बिघडली.

पण कोड काढल्यावर तो गरजेचा होता एवढंच कळतं. तो चालतो कसा, हे मेलेलं पिल्लू सांगत नाही. मला खरी मजा इथून पुढे वाटते.

त्याच प्रयोगशाळेत काम केलेले संजीव गलांडे पुण्यात एनसीसीएसला आले. त्यांच्या गटाने २००६ साली दाखवलं, की सॅटबी-१ला फॉस्फेट चिकटलं की ते जनुक बंद ठेवणाऱ्या प्रथिनाला सोबत घेतं. फॉस्फेट निघालं की दुसऱ्याशीच जोडी जमते, डीएनएवरची पकड सुटते आणि जनुक मोकळं होतं. स्विचच की! २०१० साली गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

नॉकआउट उंदरांच्या तंत्राला २००७चं नोबेल मिळालं, ते मला बीटेकला असतानाही माहीत होतं. हा स्विच मात्र नव्हता. आणि मी चार वर्षं रोज त्याच रस्त्याने पीएमटीने जायचो.